राखणीला थांबलेला भाऊ

आमच्या कॉलनीत घराला कुलूप लावून गावाला जायची पद्धत नव्हती. कुलूप म्हणजे चोराला आवतण, असं सगळे म्हणायचे. लग्न सिन्नरला असो की साखरपुडा मनमाडला, घरातलं एक माणूस मागे ठेवायचं. त्यानं संध्याकाळ झाली की पुढच्या खोलीतला दिवा लावायचा, टीव्हीचा आवाज जरा मोठा ठेवायचा आणि शेजारी गप्पा मारायला जायचं नाही. आमच्या घरात ते माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते तेव्हाही तोच, आणि वडील गेल्यानंतरही तोच. त्याला विचारावं लागायचं नाही. मी आणि आई साड्यांना इस्त्री करत असलो की तो खाटेवर लोळत म्हणायचा, "तुम्ही जा, मी आहे." परत येताना आम्ही त्याच्यासाठी बुंदीचे लाडू आणि पिशवीत बांधलेला मसालेभात आणायचो. मी त्याला चिडवायची, की तुझ्या स्वतःच्या लग्नालासुद्धा तू आम्हाला पाठवशील आणि घर राखत बसशील. तो म्हणायचा, पाठवीन की, फक्त लाडू आणा.

हे एवढं लांबण लावलं, कारण पुढे आपल्या दूतावासातल्या एका अधिकाऱ्यानं मला फोनवर विचारलं, "मैडम, आपके भाई ने साइन क्यों किया?" आणि मला उत्तर देता आलं नाही. हिंदीत तर नाहीच, मराठीतही धड दिलं नसतं. एरवी मी तोंडाची फटकळ म्हणून ओळखली जाते. पण आमच्याकडे सगळे निघाले की तो मागे राहतो, ही साधी गोष्ट एका परक्या माणसाला कशी सांगायची ते मला सुचेना.

भावानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. अंबडच्या एका कारखान्यात काही वर्षं ऑइलमध्ये हात काळे केले, आणि मग एक दिवस जेवताना जाहीर केलं की तो जहाजावर जाणार आहे. आमच्या घराचा समुद्राशी संबंध एवढाच, की सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो की मागे तो दिसायचा. आईनं विचारलं, "आरं, तुला पोहता तरी येतं का?" तो म्हणाला, "आई, भर समुद्रात जहाज बुडालं तर पोहता येऊन काय उपयोग?" या उत्तरानं तिचं समाधान होईल अशी त्याची खरोखर अपेक्षा होती.

पहिलं जहाज चांगलं मिळालं. दुसरं लहान होतं, जुनं होतं, आणि त्याचा मालक कोण हे त्यावरच्या लोकांनाही नीट माहीत नव्हतं. ते एका देशातल्या बंदरात गेलं आणि तिथेच अडकलं. देशाचं नाव लिहीत नाही. प्रकरण कोर्टात आहे आणि तिथल्या वकिलानं आम्हाला तोंड बंद ठेवायला सांगितलंय. झालं असं, की मालकानं कुणाकुणाची देणी थकवली होती. तिथल्या कोर्टानं जहाज जप्त केलं, बंदरापासून थोडं लांब नांगर टाकून उभं करायला लावलं, आणि मालकानं फोन उचलणं बंद केलं. जहाजही जप्त होतं हे मला तेव्हा कळलं. तोवर मला ट्रॅक्टर जप्त होतो आणि टपरी जप्त होते एवढंच माहीत होतं.

जप्त केलेलं जहाज रिकामं सोडता येत नाही. नांगर सुटला तर ते वाहत जाऊन दुसऱ्यावर आदळेल, तेल सांडेल, लोक त्यावरचं सामान नेतील. म्हणून कोर्ट एका माणसाला त्याचा राखणदार नेमतं, आणि जहाजाचा निकाल लागेपर्यंत त्या माणसाला देश सोडता येत नाही. आधी ही जबाबदारी कॅप्टनवर होती. तो आजारी पडला आणि त्याला किनाऱ्यावरच्या दवाखान्यात हलवलं. उरलेल्या लोकांना घरी सोडायला बंदरवाले तयार झाले, फक्त एकानं थांबायचं होतं. एकाच्या बायकोचे दिवस भरत आले होते, एकाचे वडील दवाखान्यात होते, एकाच्या बहिणीची हळद चार दिवसांवर आली होती. तेव्हा आमचा हिरो म्हणाला, तुम्ही जा, मी आहे.

जहाजाच्या कामांसाठी बंदरावर एक एजंट असतो. तो कागद घेऊन आला. कागद तिथल्या भाषेत होता. दहा-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, असं त्यानं सांगितलं आणि भावानं सही केली.

त्यानं आम्हाला फोन केला तो पराक्रम सांगायला. "सगळ्यांना घरी पाठवलं," म्हणाला. आईनं तिथूनच हवेत त्याची दृष्ट काढली. "लय शहाणं रे माझं लेकरू," ती म्हणाली. मी विचारलं, कागद वाचलास का? "त्यांच्या भाषेत होता गं." मग इंग्रजीत मागायचा! "एजंटनं सांगितलं ना काय लिहिलंय ते." मी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसते. सही म्हणजे काय हे मला कळतं. मी इतकी ओरडले की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. हात दाखवून अवलक्षण, आणखी काय! तो म्हणाला, "ताई, तू उगाच टेन्शन घेते." आईसुद्धा त्याच्याच बाजूनं. "एवढं काय झालं? चार दिस राहील आन् यील."

पिंपळगावच्या रस्त्याला द्राक्षांचे टेम्पो लागले होते त्या दिवसांतली ही गोष्ट. द्राक्षं संपली, उन्हाळ कांदा निघून साठवणीच्या चाळीत पडला, आणि भाऊ त्या जहाजावरच होता. एकटा.

मी दूतावासाला ईमेल केले. तक्रारीच्या पोर्टलवर तक्रार टाकली. तिथे तिच्यापुढे 'प्रक्रियेत' असं लिहून आलं आणि लिहिलेलंच राहिलं. खासदारांच्या कार्यालयातून पत्र मिळवलं. मुंबईला जहाजांचं काम बघणाऱ्या सरकारी कचेरीत जाऊन आले. तिथल्या बाईंनी मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आम्ही पुढे कळवलं आहे. हे वाक्य मला पाठ आहे. मी ते रोज बोलते. लोक गावाहून एसटीनं येतात, टेबलासमोर उभे राहतात आणि मी म्हणते, तुमचा अर्ज वर पाठवलाय. पाठवलेला असतोही. खोटं नसतं त्यात काही. पण ते वाक्य समोरच्याला कसं लागतं, ते मला त्या दिवशी मुंबईत कळलं. मी त्यामुळे सुधारले वगैरे नाही. दोन दिवस सगळ्यांशी गोड बोलले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तशीच.

दूतावासातल्या ज्या अधिकाऱ्याकडे आमचं प्रकरण होतं तो माणूस चांगला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तो फोन उचलायचा. उचलता आला नाही तर नंतर स्वतः करायचा. आवाज दमलेला असायचा, कारण त्याच्याकडे आमच्यासारखे किती होते कोण जाणे. कुणाचा पासपोर्ट मालकानं काढून घेतलेला, कुणी तुरुंगात, कुणाचं प्रेत शवागारात. त्यानं मला एकदा सगळं समजावून सांगितलं. आम्ही भावाला भेटू शकतो, अन्नपाणी पोचवू शकतो, डॉक्टर पाठवू शकतो, वकिलांची नावं देऊ शकतो, कोर्टाला पत्र लिहू शकतो. "लेकिन मैडम, दूसरे देश की अदालत को हम आदेश नहीं दे सकते. सिर्फ निवेदन कर सकते हैं."

निवेदन. आमच्या कचेरीत निवेदनांचा एक वेगळा ट्रे आहे. मोर्चे निघतात, लोक घोषणा देत येतात, साहेब खाली येऊन निवेदन स्वीकारतात, फोटो निघतो आणि कागद त्या ट्रेमध्ये जातो. आमचं सरकार दुसऱ्याच्या दारात जाऊन निवेदन देतं हे मला ठाऊक नव्हतं. मी फोन ठेवला आणि आईला सांगितलं की प्रयत्न चालू आहेत.

त्या अधिकाऱ्यानं भावाला खूप गोष्टी शिकवल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा माझ्या मार्फत, कारण कचेरीच्या वेळात भावाचा फोन लागायचा नाही. जहाजावरचं डिझेल संपलं होतं, वीज नव्हती. दूतावासाची माणसं महिन्यातून एखाद-दोनदा छोट्या बोटीतून तांदूळ, डाळ, लोणचं, पाण्याचे कॅन आणि चार्ज केलेल्या पॉवर बँका पोचवायची. तेवढ्यावर फोन चालवायचा. म्हणून दिवसभर बंद ठेवायचा आणि ठरलेल्या वेळीच सुरू करायचा. पासपोर्टच्या आणि नोकरीच्या कराराच्या कागदांचे फोटो काढून मला पाठवून ठेवायचे. तळातल्या इंजिनच्या खोलीत एकट्यानं उतरायचं नाही, खाली हवा कोंडलेली असते. रात्री उंचावर दिवा लटकवायचा, नाहीतर अंधारात दुसऱ्या जहाजाला हे दिसणार नाही. त्यांनी त्याला उन्हावर चालणारा एक दिवा दिला होता, तो भाऊ रोज संध्याकाळी वर चढून बांधायचा. आणि काही झालं तरी पोहत किनारा गाठायचा प्रयत्न करायचा नाही. किनारा दिसतो जवळ, पण प्रवाह ओढून नेतो. शिवाय कोर्टाच्या राखणदारानं जहाज सोडलं तर तो गुन्हा.

परदेशातल्या नागरिकांसाठी दूतावासाच्या सूचनांचं एक पानही आहे. ते मी इतक्यांदा वाचलं की शाळेतल्या प्रार्थनेसारखं पाठ झालं. दूतावासात नावनोंदणी करा. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. हे वाचलं की दर वेळी मी टेबलावर हात आपटायची. स्थानिक मित्रांच्या संपर्कात राहा. इमारतीतून बाहेर पडायचे मार्ग माहीत करून घ्या. मी हे सगळं भावाला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "ताई, बाहेर पडायचा मार्ग एकच आहे आणि तो ओला आहे." खाली हसणारे चेहरे. मी हसले नाही. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, कारण आईसमोर रडलं की ती माझी समजूत घालायला लागते आणि ते मला सहन होत नाही.

मधे एका पेपरात बातमी आली, नाशिकचा तरुण परदेशात जहाजावर एकाकी. फोटो छापला तो त्याच्या कॉलेजातल्या गॅदरिंगचा, डोक्यावर फेटा, डोळ्यांवर गॉगल. बातमी आली तशी कॉलनी लोटली. लोक यायचे, चपला काढायचे, भिंतीला टेकून मांडी घालून बसायचे आणि काही न बोलता मान हलवायचे. बायका पदर तोंडाला लावायच्या. आईनं पहिले दोन दिवस सगळ्यांना चहा दिला. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "माझं लेकरू जित्तं हाय. असं मांडी घालून बसू नका माझ्या दारात. बसायचं तर खुर्चीवर बसा, नायतर जा आपल्या घरी." लोक उठले. मला आईचा इतका अभिमान वाटला की मी त्या दिवशी तिच्या वाटणीची भांडी घासली.

आई एकदा त्या अधिकाऱ्याशी स्वतः बोलली. मला नको होतं, पण तिनं हातातून फोन ओढून घेतला. मला वाटलं, आता रडून त्याला नको नको करणार. तर ती त्याला मुलाची शिफारस केल्यासारखं सांगत होती. "साहेब, तुम्ही काळजी करू नका. तो राहतो एकटा. त्याला सवय हाय. लहानपणापासून तोच राहायचा मागं." तिकडून तो "जी माताजी, जी माताजी" म्हणत होता. मी तिला हातानं खुणा करत होते, की हे सांगू नकोस, त्यांना वाटेल की याला काही त्रासच नाही! आपणच असं सांगितलं तर ते कशाला घाई करतील? पण आईला मुलाची तक्रार करणं जमत नाही. तो चांगला आहे, हे सांगितलं की समोरचा त्याला चांगलाच वागवेल, असा तिचा हिशेब.

भाऊ मात्र बदलत चालला होता. आधी तो फोनवर थट्टा करायचा. मासा पकडला, खिचडी करपली, एक पक्षी रोज येतो आणि मी त्याला शिव्या देतो, असलं काहीबाही सांगायचा. मग ते कमी झालं. एकदा मी विचारलं, काय करतोस दिवसभर? तो म्हणाला, "काही नाही, जहाज वाजतं ते ऐकतो." म्हणजे काय? "लोखंड आहे ना, ऊन कमी-जास्त झालं की वाजतं. आधी मला वाटायचं कुणीतरी आलंय." मी म्हणाले, गाणी ऐक. तो म्हणाला, बॅटरी. आणखी एकदा तो बोलताना मधेच थांबला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मी हॅलो हॅलो करत होते. मग म्हणाला, "आहे गं. शब्द आठवत नव्हता." कोणता? "फडताळ." फडताळ कशाला हवं होतं त्याला, मी विचारलं नाही.

आणि मग एक दिवस कचेरीत असतानाच त्या अधिकाऱ्याचा फोन आला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जान होती. "मैडम, अच्छी खबर है." कोर्टानं आमच्या वकिलाचं म्हणणं ऐकलं होतं. भावाच्या जागी दुसरा कुणी राखणदार व्हायला राजी असेल तर त्याच्या सहीनं भावाला सोडता येईल. एजंटनं तसा माणूस शोधला होता. येत्या रविवारी जहाजावरच सही होणार, त्याच बोटीनं भाऊ किनाऱ्यावर, आणि मग दोन-चार दिवसांत विमान. मी टेबलावरून उठले आणि साहेबांच्या केबिनमध्ये न विचारता शिरले. तिथे कुणाची तरी मीटिंग चालू होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझा भाऊ सुटला. साहेबांनी खुर्चीतून उठून मला नमस्कार केला. का केला त्यांनाही कळलं नसेल.

रविवारी सकाळपासून आईनं घर डोक्यावर घेतलं. त्याची गादी गच्चीवर उन्हात टाकली, त्याचे कपडे पुन्हा धुतले, विहारात जाऊन दिवा लावून आली, अख्ख्या गल्लीला सांगून आली. मी म्हणत होते, अगं, आज नाही येत तो, आज फक्त जहाजावरून उतरतोय. ती म्हणाली, "उतरला म्हंजी आलाच."

दुपारी फोन वाजला. त्याचाच. मी स्पीकरवर टाकला. वारा खूप होता तिकडे.

"ताई, आई आहे का जवळ?"

"आहे. तू बोटीत बस आधी, मग बोल."

"बोट खाली लागलीय. एजंट वर आलाय, तो माणूस पण आलाय. सही राहिलीय त्याची." मग तो जरा हळू बोलायला लागला. "माझ्याच वयाचा आहे गं. इथला नाहीये, वेगळ्याच देशातला. बंदरावर माल उतरवायचा, ते काम सुटलं. ह्यालापण ही भाषा वाचता येत नाही."

"बरं, मग?"

"तो मला विचारतोय, किती दिवस राहावं लागेल. एजंटनं त्याला दहा-पंधरा दिवस सांगितलंय."

मी फोन तोंडाजवळ घेतला.

"ताई, मलापण तेच सांगितलं होतं."

"ते त्याचं तो बघेल," मी म्हणाले. "मोठा माणूस आहे, पगार घेणार आहे, आपल्या पायानं वर आलाय. तू खाली उतर."

"पण तो मला विचारतोय ना."

"मला माहीत नाही म्हण!"

"मला माहीत आहे गं."

आई माझ्या शेजारी उभी होती. पदराला हात पुसत होती. मला वाटलं ती म्हणेल, ये रे बाबा लवकर. ती फोनकडे वाकली आणि तिनं विचारलं, "त्याला आई हाय का रे?"

तिकडे भावानं मोडक्या इंग्रजीत त्या माणसाला विचारलेलं ऐकू आलं. मग एक आवाज आला, जरासा हसल्यासारखा. तो माणूस बराच वेळ काहीतरी सांगत होता. कुणी आपल्या आईची चौकशी केली की माणूस खुलतो, तसा.

"आहे म्हणतोय," भाऊ म्हणाला. "गावाला असते. तिला कळवलंय त्यानं, काम मिळालं म्हणून."

मी ओरडले, "उतर तू! पहिले उतर! मग काय सांगायचं ते सांग!" तो म्हणाला, "थांब ताई, करतो फोन," आणि फोन बंद झाला.

आम्ही दोघी तिथेच बसलो. आईनं पोळीच्या पिठावर ताट झाकलं. गच्चीवरून गादी आणायला हवी होती, ऊन उतरत होतं, पण कुणी उठलं नाही. फोन आला तो भावाचा नव्हता, अधिकाऱ्याचा होता. "मैडम, वो आदमी वापस चला गया." मी विचारलं, आणि माझा भाऊ? "आपके भाई ने उसको सब बता दिया." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याच्याशी भांडले असते, नाहीतर त्याची माफी मागितली असती, काहीतरी केलं असतं. तो म्हणाला की पुढच्या तारखेला पुन्हा निवेदन देऊ.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, रागावलीस?"

"हो," मी म्हणाले.

"मी ठरवून नाही सांगितलं गं. तो आईचं बोलत होता ना, तेवढ्यात तोंडातून निघून गेलं." मग म्हणाला, "त्यानं जाताना माझा हात धरला होता." मी म्हणाले, हात धरून काय करायचंय? तो म्हणाला, दिवा बांधायचाय, ठेवतो.

त्यानंतर बंदरावर बातमी पसरली. आता कोणी त्या जहाजावर यायला तयार नाही. एजंट म्हणतो, तुमच्याच माणसानं वाट लावली, आणि हे मात्र तो खरं बोलतो. तारखा पडतात. अधिकाऱ्याची दुसरीकडे बदली झाली. नव्या बाई आहेत, त्याही चांगल्या आहेत, त्यांना मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. लोक मला म्हणतात, तुमचा भाऊ किती मोठ्या मनाचा, असा माणूस आजकाल मिळत नाही. मी मान हलवते. मला त्याचा अजून राग येतो. त्याच्यासारखं मलाही वाटतं, असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मला तसं वाटत नाही. मला तो घरी हवा होता, कसाही. त्या दुसऱ्या माणसाची आई मला दिसली नव्हती, आणि माझी आई रोज माझ्यासमोर बसते.

आई भाजी निवडता निवडता मधेच थांबते आणि विचारते, "मी कशाला गं तोंड उघडलं तवा?" मी सांगते, तू विचारलं नसतंस तरी त्यानं सांगितलंच असतं. "खरंच का?" ती म्हणते. मी म्हणते, हो, खरंच. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारते.